पाणी लागलं की

झाकण फिरवलं आणि आतून अगदी बारीक ‘फुस्स’ आलं. तेवढ्यावरच माझा हात थांबला. काचेची बरणी, आत सी मॉसचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं जेल, फिकट पिवळसर, आणि वरच्या थरात अडकलेले चार-पाच बुडबुडे. खाली रस्त्यावर मैत्रिणीचा नवरा गाडी सुरू ठेवून उभा होता. ही बरणी त्याला न्यायची होती. मैत्रिणीची तिसरी केमोथेरपी नुकतीच झाली होती. तोंडाची चव गेलेली, गिळताना त्रास होत होता, आणि सी मॉस खाल्लं की ताकद भरून येते असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. लंडनमधल्या आमच्या गोतावळ्यात ते घरी करणारी मी एकटी, म्हणून तिने मला फोन केला होता.

बरणी नाकाजवळ नेली. चांगल्या जेलला ओल्या वाळूसारखा, हलका समुद्राचा वास असतो. तो नव्हता. इडलीचं पीठ उतू जाईपर्यंत आंबलं की येतो तसला आंबूस वास होता. चमचा घालून वर उचलला तर तार सुटली. चांगलं जेल थरथरतं, चमच्यावरून गोळ्याने घसरतं, त्याला अशी तार येत नाही. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या वरणाला येते तशी ती तार होती.

मी खाली जाऊन त्याला सांगितलं, “आज नको नेऊस. खराब झालंय.”

“वरचं थोडं काढून टाकलं तर?” तो म्हणाला. त्याला रिकाम्या हाताने घरी जायचं नव्हतं, हे मला कळत होतं.

“नाही रे. सगळंच टाकायचं.”

जेल करून बारा दिवस झाले होते. तीन आठवडे, चार आठवडे टिकतं असं जिथे-तिथे लिहिलेलं असतं, आणि मीही तेच धरून चालले होते. बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये होती. आणि मी गेली सतरा वर्षं एका हॉस्पिटलच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. माणसाच्या रक्तात, थुंकीत, जखमेत कोणते जंतू आहेत ते शोधणं हा माझा रोजचा उद्योग. त्या संध्याकाळी बरणी रिकामी करून, गरम पाण्याने धुऊन उपडी ठेवली, तरी मला चैन पडेना. तो चार दिवस आधी बरणी न्यायला आला असता तर? बुडबुडे दिसायला लागण्याआधी, वास येण्याआधी, पण जंतू वाढलेले असताना?

सी मॉस माझ्या घरात आलं ते शेजारच्या आंटींमुळे. त्या मूळच्या सेंट लुसियाच्या. साठच्या दशकात नर्सिंगसाठी इंग्लंडात आल्या आणि इथेच राहिल्या. आमच्या गल्लीतली सगळी मुलं त्यांना आंटी म्हणतात, म्हणून आम्हीही. मी बाळंतपणानंतर अशक्त झाले होते तेव्हा त्यांनी एका मगमध्ये काहीतरी आणून दिलं. दाट दूध, दालचिनी, जायफळ, थोडी व्हॅनिला, आणि घशातून उतरताना रेशमासारखं काहीतरी. जायफळामुळे मला बासुंदीची आठवण झाली. “समुद्राचं शेवाळ आहे,” त्या म्हणाल्या. मी मालवणची. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडले की हिरवं, तपकिरी, लालसर शेवाळ मी लहानपणापासून पाहत आले. त्यावरून पाय घसरायचा एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. ते दुधात घालून पितात हे मला तोवर माहीत नव्हतं.

सी मॉस हे एकाच वनस्पतीचं नाव नाही, हे पुढे कळलं. खरं आयरिश मॉस म्हणजे कॉन्ड्रस क्रिस्पस. ते उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात, खडकांना धरून वाढतं. जांभळट, पंख्यासारखं. आयर्लंडमध्ये त्याला कॅरेजीन म्हणतात, आणि त्या आयरिश नावाचा अर्थ ‘छोटा खडक’. तिथली माणसं उन्हाळ्यात मोठ्या ओहोटीला ते खुडतात, गवतावर पसरतात, आणि ऊन-पावसात ते जांभळ्याचं गुलाबी, गुलाबीचं मळकट पांढरं होत वाळतं. कॅरिबियनच्या उबदार पाण्यात हे वाढतच नाही. तिथे सी मॉस म्हणून खातात ती ग्रॅसिलारिया आणि युकेमाच्या जातीची शेवाळं. सेंट लुसियात तर प्रॅलिन नावाच्या खाडीत दोऱ्यांना तुकडे बांधून त्याची शेती करतात. बाजारात सोनेरी सी मॉस म्हणून जे मिळतं ते बहुतेक या उबदार पाण्यातल्या जातींचं. नाव एक, वनस्पती निराळ्या, आणि जेलही थोडं निराळं होतं. त्याचा पुढे संबंध येणार आहे.

आपल्याकडे चायना ग्रास आहेच. तेही लाल शेवाळाचंच, त्याचा कारखानदारी धंदा मदुराईच्या आसपास. आई सुट्टीत दुधात चायना ग्रास घालून ताटलीत ओतायची, शंकरपाळ्याच्या आकारात कापायची, आणि ‘ही विलायती खरवस’ म्हणून पाहुण्यांना द्यायची. तोच पदार्थ पुढे माझ्या पोटापाण्याचा झाला. मुंबईत शिकत असताना जंतू वाढवायच्या प्लेट्स आम्ही स्वतः ओतायचो. लीटरभर पाण्याला साधारण 15 ग्रॅम अगार, म्हणजेच शुद्ध केलेलं चायना ग्रास. ते 85 अंशांच्या आसपास वितळतं आणि 40 च्या खाली आलं की घट्ट बसतं. फ्लास्क हाताच्या मागच्या बाजूला लावून सोसवेल इतका निवला की भराभर ओतायचं. उशीर झाला की फ्लास्कमध्येच गोठतं.

लॅबमध्ये अगार आलं त्यामागे एक स्वयंपाकघर आहे, आणि ही गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगते. 1881 च्या सुमारास बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये वॉल्टर हेसे नावाचा डॉक्टर काम करत होता. जंतू वाढवायला तेव्हा जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, काही जंतू तर ते पचवून त्याचं पाणीच करून टाकायचे. हेसे वैतागला. त्याने बायकोला, फॅनीला विचारलं, तुझी जेली आणि पुडिंग एवढ्या उकाड्यात घट्ट कशी राहतात? ती म्हणाली, अगार घालते म्हणून. फॅनी मूळची न्यूयॉर्कची. तिथे जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून तिच्या घरात ही युक्ती आली होती. हेसेने कॉखला कळवलं, आणि 1882 मध्ये क्षयाच्या जंतूवरच्या कामात कॉखने अगारचा उल्लेख केला. फॅनीचं नाव मात्र त्यात आलं नाही. आज जगात कुठेही जंतूंची तपासणी होते तिथे त्या बाईच्या स्वयंपाकघरातली ती जेली असते. मला ते नाव दरवेळी मोठ्याने घ्यावंसं वाटतं.

हे सगळं माहीत असून मी बरणीच्या बाबतीत चुकले, याचं मला वाईट वाटलं. निव्वळ अगारवर बहुतेक जंतू वाढत नाहीत, कारण ते त्यांना पचत नाही. म्हणून आम्ही त्यात मांसाचं सत्त्व घालतो, रक्त घालतो. प्लेट लालचुटुक दिसते ती घोड्याच्या रक्तामुळे. पण सी मॉसचं जेल शुद्ध केलेलं नसतं. अख्खं शेवाळ वाटलेलं असतं. त्यात प्रथिनं आहेत, क्षार आहेत, साखरेचे निरनिराळे प्रकार आहेत. भिजवून, चार पाण्यांत धुऊन त्यातलं मीठ आपणच काढून टाकलेलं असतं. साखर घातलेली नसते. आंबटपणा नसतो. उरतं ते पाणी, भरपूर पाणी. अन्न टिकवायला माणसाने जेवढे उपाय शोधले, त्यातला एकही त्या बरणीत नव्हता. होता तो फक्त गारवा.

आणि गारवाही पुरेसा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून येताना फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घेऊन आले. दारातल्या कप्प्यात, जिथे ती बरणी बारा दिवस उभी होती, रात्रभर ठेवला. सकाळी आठ अंश. मुलगा दूध घ्यायला, मी भाजी घ्यायला, नवरा नुसताच काही आहे का बघायला, असं दिवसातून वीस वेळा ते दार उघडतं आणि दारातली वस्तू प्रत्येक वेळी बाहेरची हवा खाते. खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीशी ठेवला तर चार. इथल्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला असा की फ्रिज पाच अंशांवर किंवा त्याखाली हवा. पाच आणि आठ यांत आपल्या हाताला फरक कळत नाही, जंतूंना कळतो. आठ अंशांवर जे बारा दिवसांत झालं, त्याला चार अंशांवर जास्त दिवस लागले असते.

पण फ्रिजच्या आधीच चूक झाली होती. त्या रविवारी मी मोठा घाट घातला होता. वाळलेल्या सी मॉसची सगळी पुडी एकदम भिजवली, रात्रभर ओट्यावरच, पातेल्यात. सकाळी ती फुगून पातेलं भरलं. पाण्यात उकळली, मिक्सरला फिरवली, आणि तशीच गरम दीड लीटरच्या बरणीत ओतून झाकण लावलं. ओट्यावर निवत ठेवली, मग मुलाला पोहायला घेऊन गेले, आले तेव्हा तीन तास होऊन गेले होते. हात लावला तर बरणी बाहेरून गार, म्हणून फ्रिजात. मधोमध ती अजून कोमट असणार. जेल घट्ट असतं, ते ढवळलं जात नाही, आतली ऊब बाहेर यायला वेळ लागतो. दही लावताना आपण काय करतो? कोमट दूध, झाकण, उबदार जागा, हलवायचं नाही. जे आपण विरजणासाठी मुद्दाम करतो तेच मी जेलला नकळत केलं. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीतही टिकतात, आणि कोमट जागा मिळाली की जागे होतात. मिक्सरच्या पात्याखाली, रबराच्या कडीत राहिलेले वेगळेच.

हल्ली पुष्कळजण तर उकळतही नाहीत. कच्चं भिजवायचं आणि थेट वाटायचं, म्हणजे म्हणे सत्त्व जात नाही. हे मला मुळीच पटत नाही. समुद्रातून निघालेली, उघड्यावर वाळलेली, कुणाकुणाच्या हातांतून, पोत्यांतून आलेली वस्तू आपण पाण्यात फुगवतो आणि शिजवल्याशिवाय आठ-पंधरा दिवस खातो. आंटींना विचारलं तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या गावात सी मॉस न उकळता कुणी घेतलेलं त्यांनी पाहिलेलं नाही.

“आणि तुम्ही किती दिवस ठेवता?” मी विचारलं.

“ठेवायचं कशाला?” त्या म्हणाल्या. “सकाळी करायचं, मुलं संध्याकाळपर्यंत संपवायची. उरलं तर दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे फ्रिज तरी कुठे होता?”

मग त्यांनी ओट्याखालून एक कागदी पिशवी काढली. आत वाळलेलं सी मॉस, कडक, मिठाचा पांढरा भुकटा अंगावर तसाच. गेल्या वर्षी भाचीने आणलेलं. त्यांनी त्यातली एक फांदी मोडली, कट्ट असा आवाज आला, ती माझ्या तळहातावर ठेवली. “एवढं एका माणसाला पुरतं,” त्या म्हणाल्या. फांदी माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी होती. उरलेली पिशवी त्यांनी तोंड दुमडून पुन्हा जागेवर ठेवली.

त्या रात्री मालवणला आईला फोन केला. तिला सी मॉस काय ते समजावून सांगायला पाच मिनिटं लागली, पण काय झालं असेल हे समजायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. “पाणी लागला काय गेला सगळा,” ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. मे महिन्यात अंगणात सोडे वाळत घातलेले असायचे, बोंबील काठीवर, आमसुलं सुपात. आगोटीच्या आधी सगळं डब्यात गेलं पाहिजे म्हणून घर नुसतं धावत असायचं. डबे उन्हात तापवलेले. मी नळाखाली हात धुऊन तशीच सोड्यांच्या डब्यात हात घालायला गेले की ती ओरडायची, “गो, ओलो हात लावू नको!” लोणच्याच्या बरणीलाही तेच. कोरडा डाव, कोरडा हात, आणि वर तेलाचा थर. पावसाळ्याचे चार महिने त्या डब्यांवर निघायचे, आणि मला त्यातलं काही नासलेलं आठवत नाही.

सुकं आहे तोवर ते टिकतं. सोडे असोत, आमसुलं असोत, नाहीतर आंटींच्या पिशवीतलं शेवाळ. मीठ अंगावर आहे, पाणी नाही, जंतूंना हालचालच करता येत नाही. कोरड्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवलं की वर्षभर काही होत नाही. पाणी लागलं की त्याचा भात झाला. आपण भात चार आठवडे ठेवतो का? आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या बायकांनी आणि आंटींच्या आईने हे शेवाळ वाळवून ठेवलं आणि लागेल तेवढंच भिजवलं. भिजवून, वाटून, मोठ्या बरणीत भरून महिनाभर पुरवायची कल्पना आपली, आत्ताची. धावपळीच्या आठवड्यात मलाही ती सोयीची वाटली होती.

आता माझ्या घरात काय चालतं ते सांगते. मूठभरच भिजवते, आणि भिजवण्याचं पातेलं फ्रिजमध्ये जातं. सकाळी पाणी बदलून वाळू, बारीक शिंपले निघेपर्यंत चोळून धुते. मग स्वच्छ पाण्यात खळखळून उकळते, फांद्या विरघळायला लागेपर्यंत. मिक्सरचं भांडं, पातं, झाकणाचं रबर, सगळं आधी उकळत्या पाण्याने धुतलेलं. वाटलं की उथळ ताटात पसरते, पोह्याच्या थराएवढं. खाली थंड पाण्याची परात. वीस मिनिटांत ते हाताला गार लागतं आणि तासाभरात फ्रिजात जातं. तीन दिवसांपुरतं छोट्या बरण्यांत, मागच्या भिंतीशी. बरणी एकदा उघडली की तिला एकच कोरडा चमचा, आणि तोंडात गेलेला चमचा पुन्हा आत नाही. मुलाला हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. फ्रिजमधलं जेल आठवड्याच्या पुढे मी ठेवत नाही. वास चांगला असला तरी नाही, कारण आजारी पाडणारे काही जंतू वासही देत नाहीत आणि तारही.

बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये. एक खण म्हणजे साधारण एक मोठा चमचा. गोठलं की पिशवीत भरून वर तारीख. उणे 18 अंशांवर जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, म्हणून जसं आत जाईल तसंच बाहेर येणार. खराब व्हायला लागलेलं जेल गोठवून वाचत नाही. रात्री एक खण वाटीत काढून फ्रिजमध्येच ठेवते, सकाळपर्यंत सुटतो. पहिल्यांदा गोठवलं तेव्हा वाटीत पाणी सुटलेलं आणि मध्ये रबरासारखा गोळा बघून मला वाटलं हेही गेलं. गेलेलं नव्हतं. शेवाळातल्या ज्या पदार्थाने जेल घट्ट होतं त्याला कॅराजीनन म्हणतात. सी मॉसच्या ज्या जातींत कॅपा प्रकारचं कॅराजीनन असतं, त्यांचं जेल गोठून सुटलं की पाणी सोडतं. आयोटा प्रकारचं असेल तर ते तसंच मऊ राहतं. म्हणून एकीचं जेल छान सुटतं आणि दुसरीचं फुटतं. दुधात घालून गरम केलं की ते पुन्हा एकजीव होतं, त्यामुळे टाकू नका.

लिंबू पिळलं की टिकतं असं सांगतात. लिंबाने थोडा फायदा होतो हे खरं, पण अर्ध्या लिंबाने बरणीभर जेल लोणच्याइतकं आंबट होत नाही, आणि आंबटपणा पुरेसा नसेल तर त्यावर विसंबता येत नाही. मी चवीला पिळते, दिवस मात्र तेवढेच धरते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मुरंब्यासारख्या बरण्या उकळून, हवाबंद करून जेल फडताळात ठेवायचा प्रयत्न कुणी करू नये. आंबट नसलेला, ओला, हवा नसलेला पदार्थ बाहेर ठेवला की बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. ते फार थोडंही माणसाला पुरतं. मुरंबा टिकतो तो साखरेमुळे, हवाबंद झाकणामुळे नाही.

पुण्याच्या वहिनीने हे वाचून मला विचारलं, आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते त्याचं काय? दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो, त्याहून जास्त वेळ गेला असेल तर जेल टाकून द्यावं. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही तग धरतो, अर्धा असेल तर एक. पण एप्रिलच्या उकाड्यात, दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या घरात, मी तरी जेल करून ठेवणार नाही. वाळलेलं डब्यात ठेवीन आणि लागेल तेव्हा एक फांदी दुधात उकळीन. त्याला फ्रिजच लागत नाही.

मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. जेल टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. केमोमध्ये पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना घरी करून ठेवलेल्या ओल्या पदार्थांत काय धोका असतो, ते माझ्या लॅबमध्ये मी रोज बघते. लिस्टेरियासारखा जंतू तर फ्रिजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो. निरोगी माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही, तिला वाटलं असतं, आणि गरोदर बाईलाही वाटतं. आणखी एक गोष्ट होती. तिला थायरॉइडची गोळी चालू होती. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. शेवाळात ते किती असेल हे जातीवर, समुद्रावर, अगदी पुडीपुडीवर बदलतं, आणि चमच्याने मोजून ते कळत नाही. तिला मी सांगितलं, हे तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही. ती थोडी रुसली. म्हणाली, “तू आणशील म्हणून मी वाट बघत होते गं.” मला काय बोलावं कळेना. मी तिचे पाय चेपत बसले.

डॉक्टरांनी तिच्या तपासण्या बघून सांगितलं की रोज नको. कधीतरी, ताजं उकळलेलं, थोडं, लगेच खाणार असेल तर हरकत नाही. आठवड्याने मी आंटींना घेऊन तिच्याकडे गेले. आंटींनी पर्समधून कागदाची पुडी काढली, त्यात एकच फांदी. तिच्या ओट्यावर ती धुतली, दुधात टाकली, आणि वीस मिनिटं मंद आचेवर ठेवून त्या बाजूला उभ्या राहिल्या. मी जायफळ किसलं. दूध दाटत गेलं, गाळलं, त्यात वेलदोडा घालायचा हट्ट मैत्रिणीचा. आंटींनी वेलदोडा कधी घातला नव्हता, पण त्यांनी हरकत घेतली नाही. वाटीत ओतलं, सोसवेल एवढं निवलं, आणि तिने ते चमच्या-चमच्याने खाल्लं. बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट न दुखता गिळली, असं ती म्हणाली. वाटीच्या तळाशी थोडं उरलं होतं. तिच्या नवऱ्याने ते झाकून ठेवायला वाटी उचलली, आंटींनी ती त्याच्या हातातून घेतली आणि त्यालाच खायला लावली.

परत येताना आंटींनी मला त्यांच्या पिशवीतलं मूठभर सी मॉस दिलं. ते मी पत्र्याच्या डब्यात भरलं आणि आईने पाठवलेल्या सोड्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. दोन्ही झाकणांवर चिकटपट्टी, त्यावर तारीख. हात पुसून, कोरडे करून मी ते उघडते. दोन्हींचा वास जवळजवळ एकच येतो.